थांबवणाऱ्यांचे काम

सप्टेंबरच्या अखेरीस मी मुलाकडे राहायला गेलो. तो अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहतो. विमानतळावरून घरी येताना, प्रत्येक सिग्नलपाशी गाडी थांबू लागली की पुढच्या उजव्या चाकातून एक बारीक, किनरा आवाज निघे. पाटीवर पेन्सिल तिरकी ओढली की अंगावर काटा येतो, तसा. मुलगा म्हणाला, "हल्लीच सुरू झालाय. दाखवायची आहे गाडी." मी काही बोललो नाही. मोटारीतले मला काही कळत नाही, असा माझा आणि माझ्या घरच्यांचा जुना समज आहे. पण तो आवाज मी ओळखला होता. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, सातारच्या स्थानकावर उभे असताना फलाटाला लागणाऱ्या एस.टी.कडे न पाहताच म्हणत, "हिचं रिबिट बोलायला लागलं." रिव्हेटला त्यांच्या तोंडी रिबिट हाच शब्द होता. ब्रेकचे लायनर झिजून त्यातील रिव्हेट ड्रमला घासू लागले, की असा आवाज येतो. मोटारीच्या ब्रेक पॅडला आता रिव्हेटऐवजी पत्र्याची एक छोटी जीभ मुद्दामच बसवलेली असते. पॅड संपत आले की ती जीभ फिरत्या डिस्कला टेकते आणि ओरडते. साठ वर्षांत यंत्र बदलले, त्याची बोली मात्र फारशी बदललेली नाही.

आप्पा एस.टी.च्या साताऱ्याच्या विभागीय कार्यशाळेत ब्रेकच्या कामावर होते. १९४८ साली १ जूनला पुणे ते अहमदनगर अशी पहिली बस धावली, त्यानंतर काही वर्षांनी ते तिथे लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सातारा विभागातल्या गाड्यांना पसरणी घाटाने पाचगणी आणि महाबळेश्वर गाठावे लागे, आंबेनळीने कोकणात उतरावे लागे. घाट चढताना इंजिनाची परीक्षा होते आणि उतरताना ब्रेकची. आप्पांचे एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे रुळले होते : "गाडी पळवणारे पुष्कळ असतात, थांबवण्याचं काम आमचं."

मुलाने गाडी ज्या विक्रेत्याकडून घेतली होती, त्याच्याच सेवाकेंद्रात ती दाखवायला आम्ही दोघे गेलो. तिथे कातडी खुर्च्या होत्या, फुकट कॉफी होती आणि भिंतीवर न संपणारा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम होता. गाडी कुठे गेली, तिच्याशी कोण काय करीत आहे, हे दिसण्याची काहीच सोय नव्हती. तासाभराने एक तरुण हातात काचेची पाटी घेऊन आला. तिच्यावर गाडीच्या अवयवांची यादी हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या रंगांत मांडलेली होती. चारही चाके तांबडी होती. पॅड आणि डिस्क, ज्यांना तिकडे रोटर म्हणतात, चारही चाकांचे बदलावे लागतील, असे त्याने अत्यंत नम्रपणे सांगितले. खर्च ११८० डॉलर, कर वेगळा. मी मनातल्या मनात रुपये केले. लाखाच्या जवळ गेले. आप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या हाती पडलेली सगळी रक्कम याहून कमी होती.

मुलगा म्हणाला, "विचार करून सांगतो." परतताना बराच वेळ तो गप्प होता. मग एकाएकी म्हणाला, "बाबा, आपणच केलं तर?"

त्याला पैशांची चणचण नव्हती. तो संगणकाच्या क्षेत्रात काम करतो, त्याचा पगार चांगला आहे. त्याला खटकले होते ते वेगळेच. "इतकी वर्षं मी ही गाडी चालवतोय," तो म्हणाला, "आणि ती थांबते कशी, हे मला माहीत नाही. आजोबांना माहीत होतं." मला उत्तर सुचले नाही. कारण आजोबांना जे माहीत होते ते नातवापर्यंत पोहोचले नाही, याला मधली कडी मीच होतो.

घरी सूनबाईंनी हा बेत ऐकला आणि हातातले काम बाजूला ठेवले. "बल्ब बदलणं वेगळं आणि ब्रेक वेगळा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्या गाडीतून आपली मुलगी रोज शाळेत जाते. उद्या काही चुकलं, तर विचारायचं कोणाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, तुम्ही तरी सांगा यांना."

हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. आपण पैसे मोजतो ते केवळ श्रमाचे नसतात. जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्याचेही ते पैसे असतात. सेवाकेंद्राच्या बिलात जागेचे भाडे असते, गाडी उचलण्याचे यंत्र असते, शिकवून तयार केलेला कारागीर असतो, आणि 'काही झाले तर आम्ही आहोत' हा शब्दही असतो. स्वतः केलेल्या कामाला हा शब्द देणारा कोणी नसतो. तिथे दोष द्यायला आपण एकटेच उरतो.

पण त्या बिलाची दुसरी बाजूही मुलाने मला सांगितली. तिथल्या बहुतेक सेवाकेंद्रांत कारागिराला तासांवर मजुरी मिळत नाही. कोणत्या कामाला किती वेळ लागावा, हे एका कोष्टकात आधीच ठरलेले असते आणि ग्राहकाला तेवढ्या वेळेचे पैसे पडतात. कारागिराने काम लवकर उरकले तर त्याचा फायदा, अडले तर त्याचा तोटा. गंजलेला एखादा बोल्ट तासभर हलला नाही, तर तो तास त्याच्या पदरचा जातो. म्हणजे त्या कातडी खुर्च्यांच्या मागे, भिंतीपलीकडे, घड्याळाशी झुंजणारा एक माणूस उभा असतो. त्याची आणि आपली गाठ पडत नाही. आपल्याला भेटतो तो काचेची पाटी घेतलेला तरुण.

आणखी एक शंका मला होती. गाडीवर हात चालवला तर कंपनीची हमी रद्द होईल काय? मुलाने सांगितले की अमेरिकेत १९७५ सालापासून याबाबत कायदा आहे. मालकाने स्वतः किंवा बाहेरच्या कारागिराकडून दुरुस्ती केली, एवढ्याच कारणाने हमी नाकारता येत नाही. आपल्याकडेही हा प्रश्न निघाला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत, या कारणावरून २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. वस्तू विकत घेतली म्हणजे ती उघडून पाहण्याचा अधिकारही विकत घेतला की नाही, हा वाद दोन्ही देशांत सुरू आहे.

शनिवारपर्यंत सुटे भाग येणार होते. मधल्या दिवसांत मुलाने मला डेट्रॉइटचे कलासंग्रहालय दाखवायला नेले. तिथल्या एका मोठ्या दालनाच्या चारही भिंतींवर दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने १९३२-३३ मध्ये काढलेली भित्तिचित्रे आहेत. विषय आहे त्या शहरातला मोटारउद्योग. खाली भट्ट्या, पट्टे, यंत्रे आणि त्यांच्याशी झटणारी वाकलेली माणसे. सगळ्यांत वर मात्र जमिनीतून उगवल्यासारखे प्रचंड हात आहेत, खनिजे मुठीत धरलेले. त्या हातांना शरीर नाही, चेहरा नाही.

याच शहराजवळ हेन्री फोर्डने १९१३ मध्ये चालत्या पट्ट्यावर मोटार जुळवण्याची पद्धत सुरू केली. एका गाडीचा सांगाडा जुळवायला आधी बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो दीड तासावर आला. त्यासाठी एका कारागिराचे काम अनेकांत वाटले गेले. एकाने बोल्ट घालायचा, दुसऱ्याने नट फिरवायची. गाड्या स्वस्त झाल्या, घरोघर पोहोचल्या. आणि संपूर्ण गाडी ज्याला कळते असा माणूस त्या कारखान्यात दुर्मीळ होत गेला. मी मात्र त्या दालनात फोर्डचा विचार फार वेळ केला नाही. वरच्या हातांकडे पाहता पाहता मला दुसरेच हात दिसू लागले होते.

आप्पांचे हात काळे असत. रंगाने ते गोरे होते, पण बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांत आणि तळहाताच्या रेषांत काळेपणा कायमचा मुरलेला होता. संध्याकाळी घरी आले की ते मागच्या दारी बसून आधी रॉकेल आणि लाकडाचा भुसा हाताला चोळत, मग साबण लावत. तरी रेषा काळ्याच राहत. आई म्हणे, ज्योतिषाला यांचा हात वाचायला बरा, रेघा आधीच गिरवून ठेवल्यात.

मी सातवीत असताना शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. त्यावर पालकांची सही हवी होती आणि मुदत संपत आली होती, म्हणून दुपारचा डबा द्यायला जाताना मी तो अर्ज कार्यशाळेत नेला. आप्पांनी फडक्याला हात पुसले आणि बाकावर अर्ज ठेवून सही केली. वळणदार, स्वच्छ सही. पण कागद धरलेल्या अंगठ्याचा काळा ठसा तिच्या शेजारी उमटला. परत येताना तो ठसा मला सहीपेक्षा मोठा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सांगितले, की अर्जावर शाई सांडली. नवा अर्ज आणला आणि रविवारी सकाळी, आप्पा आंघोळ करून पूजेला बसण्याआधी, त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पहिला अर्ज कुठे आहे, असे विचारले नाही. उठले, मागच्या दारी गेले, स्वच्छ असलेले हात पुन्हा एकदा रॉकेल लावून धुतले, कोरडे केले आणि मग सही केली. कागद त्यांनी कडेने, नखांनी धरला होता.

शिष्यवृत्ती मला मिळाली. पुढे मी शिकत गेलो, मराठीचा प्राध्यापक झालो. आप्पांना त्याचा अभिमान होता. माझे हात पांढरे राहावेत, अशी त्यांचीच इच्छा होती. मी कधी पाना उचलला तर ते तो काढून घेत आणि म्हणत, "तू वाचत बस." खंडेनवमीला ते आपले पाने, पकडी आणि हातोडी पुसून पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला त्याच पाटावर माझी पाटी आणि पुस्तके पूजेला येत. अवजारे आणि पुस्तके यांच्यात आमच्या घरी एका रात्रीचे अंतर होते. मी ते आयुष्यभराचे केले.

शनिवारी सकाळी गॅरेजसमोरच्या सपाट जागेत आम्ही कामाला लागलो. हवेत गारठा होता. मुलाने आधी मागच्या चाकांखाली लाकडी ठोकळे लावले. गाडी जमिनीवर असतानाच पुढच्या चाकांच्या नट ढिल्या केल्या, मग जॅकने गाडी उचलली आणि दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, हा पहिला नियम. एवढे झाल्यावर त्याने गाडी हाताने हलवून पाहिली. माझ्याकडे पान्यांची पेटी होती. मागेल तो पाना देणे, एवढेच माझे काम. त्यातही मी चुकतच होतो.

चाक निघाले आणि ब्रेक उघडा पडला. मी तो इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. रचना समजायला अवघड नाही. चाकाबरोबर लोखंडाची एक जाड तबकडी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात आणि त्यांना कवेत घेणारा चिमट्यासारखा भाग म्हणजे कॅलिपर. आपण पायाने पेडल दाबतो. तो दाब नळीतल्या तेलातून पिस्टनपर्यंत पोहोचतो, पिस्टन पॅडला ढकलतो आणि दोन पॅड फिरत्या तबकडीला धरतात. बंदिस्त द्रवात दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. तबकडीच्या ब्रेकचे पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये घेतले. इतके जुने ज्ञान आमच्या दारात इतकी वर्षे उभे होते आणि आम्ही त्याला ओळखत नव्हतो.

मुलाने मला एक हिशेब सांगितला. दीड हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती थांबवताना जेवढी उष्णता निर्माण होते, तेवढ्यात साधारण पावणेदोन लिटर गार पाणी उकळेल. "म्हणजे दहाबारा जणांचा चहा," मी म्हणालो. तो हसला. पण ही सगळी उष्णता काही क्षणांत त्या तबकड्यांनी आणि पॅडनी सोसायची असते. वेग नाहीसा होत नाही. कोणीतरी तो स्वतःच्या अंगावर घेते, तापते आणि थोडे थोडे झिजते.

उजवीकडचा जुना पॅड हातात घेतला तेव्हा त्यावरचा थर दोन मिलिमीटरही उरला नव्हता. नवा असताना तो दहा-बारा मिलिमीटर असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलायचा असतो. डिस्कच्या काठावर तिची किमान जाडी कोरलेली असते. आमची डिस्क मोजली तर त्या आकड्याच्या खाली गेली होती. सेवाकेंद्राचे सांगणे पुढच्या चाकांपुरते खरे होते. मग मुलाने मागचे पॅडही बॅटरीच्या उजेडात पाहिले. त्यांवर सहा मिलिमीटर थर शिल्लक होता. काचेच्या पाटीवर तेही तांबडेच होते. तो तरुण खोटे बोलला, असे मी म्हणणार नाही. कदाचित त्याला पिवळा रंग वापरण्याची मुभा कमी असेल.

कॅलिपर सोडवल्यावर मुलाने तो तारेने वर टांगला, कारण तो तेलाच्या नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी दुखावते. यानंतर डिस्क निघायला हवी होती, ती निघेना. मिशिगनात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने अनेक हिवाळ्यांत डिस्क आणि हब यांना गंजाने एकजीव केले होते. रबरी हातोडीचे ठोके, गंज सोडवणारे तेल, पुन्हा ठोके. एक तास गेला. भिंतीपलीकडच्या त्या कारागिराचा तास असाच त्याच्या पदरचा जात असेल, हे मला तेव्हा नीट कळले. शेवटी डिस्कला असलेल्या दोन आटेदार भोकांत बोल्ट पिळून तिला आतून रेटले, तेव्हा मोठा आवाज करून ती सुटली.

हबवर काळी धूळ साचली होती. मी सवयीने वाकून फुंकर मारणार, तोच मुलगा ओरडला, "बाबा, फुंकू नका!" त्याने तोंडाला मुखपट्टी बांधली होती. मलाही एक दिली, आणि धुळीवर डब्यातून द्रव फवारून ती ओली करून पुसली. मी हातात फडके घेऊन तसाच उभा राहिलो.

फुंकर मारण्याची ही सवय माझी नव्हती, आप्पांची होती. डबा घेऊन गेलो की मी त्यांना पाहत असे. ड्रम उघडला की आतली धूळ ते फुंकरीने किंवा हवेच्या नळीने उडवत. ती धूळ उन्हाच्या तिरिपेत बराच वेळ तरंगत राही आणि मला ती सुंदर दिसे. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासाबरोबर आत गेले तर फुप्फुसांना कायमची इजा करतात आणि ती अनेक वर्षांनी उघडी पडते, हे आज सर्वांना माहीत आहे. आप्पांच्या नाकातोंडावर मी कधी साधे फडकेही पाहिले नाही. अखेरच्या वर्षांत त्यांना खोकला होता. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबत. म्हातारपण म्हणून आम्ही तो सोडून दिला. डॉक्टरांनी आप्पांच्या कामाबद्दल विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. मी प्राध्यापक होतो, वाचणारा माणूस होतो. मला विचारता आले असते.

मुलाने मला हाक मारली, तेव्हा तो नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल पुसून काढत होता. काम पुढे सरकले. पिस्टन मागे ढकलताना तेलाच्या डब्याचे झाकण उघडून पातळीवर लक्ष ठेवायचे काम माझ्याकडे आले. तेल काठोकाठ आले की मी हात वर करायचा. हे मला जमले. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना कोरड्या पडल्या होत्या. त्या पुसून त्यांना ग्रीस लावले. नवे पॅड बसले. डाव्या चाकाला उजव्याच्या निम्मा वेळ लागला. चाके चढवून गाडी खाली घेतली आणि मोजपट्टीच्या पान्याने प्रत्येक नट पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकी आवळली.

दुपारचे तीन वाजले होते. कोष्टकातल्या वेळेच्या कितीतरी पट, म्हणजे सहा तास, आम्ही घेतले होते. मुलगा उत्साहाने चालकाच्या जागेवर बसला आणि त्याने किल्लीला हात घातला. मी काचेवर थाप मारली.

"आधी पेडल मार," मी म्हणालो.

"काय?"

"गाडी जागची हलवू नकोस. पेडल मार, पायाला दगड लागेपर्यंत."

त्याने पेडल दाबले. ते सरळ तळाला गेले. त्याचा चेहरा उतरला. पिस्टन मागे ढकललेले असतात. ते पुन्हा पॅडला येऊन टेकेपर्यंत पहिले काही दाब पोकळच जातात. ही गोष्ट त्याने वाचली होती, पण ऐन वेळी विसरला होता. आमच्या घरासमोरची वाट उताराची आहे आणि खाली रस्ता आहे. त्याने पाच-सहा वेळा पेडल दाबले, तेव्हा पाय घट्ट थांबला.

हे मला कोणी शिकवले नव्हते. काम संपले की आप्पा गाडीत चढून चालकाच्या जागेवर बसत आणि डोळे मिटून पेडल दाबत राहत. मी खाली डबा घेऊन थांबलेला असे. एकदा मी विचारले, "आप्पा, काय करताय?" ते म्हणाले, "दगड लागतोय का बघतोय." बाकी सगळे मी विसरलो, एवढे राहिले.

संध्याकाळी एका रिकाम्या वाहनतळावर मुलाने नवे पॅड डिस्कवर बसवून घेतले. गाडी वेगात न्यायची, हळूहळू मंद करायची, पूर्ण थांबवायची नाही, मग थंड होऊ द्यायची, असे दहा वेळा. आवाज गेला होता. घरी आल्यावर त्याने विजयाने किल्ली सूनबाईंच्या हाती ठेवली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. "छान झालं," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी मुलीला माझ्या गाडीतून सोडू. ही आधी कोणालातरी दाखवून आणा."

मुलगा दुखावला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याची बाजू घेईन, असे त्याला वाटले असावे. मी सूनबाईंची घेतली. आप्पांच्या कार्यशाळेतही ज्याने ब्रेक केला त्याच्या शब्दावर गाडी बाहेर पडत नसे. दुसरा माणूस तपासून पाही, चालक फेरी मारून येई, मग वहीत सही होई. त्यात कोणाचा अपमान नव्हता. स्वतःच्या कामावर प्रेम असलेल्या माणसाला त्यातली चूक दिसत नाही, हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शुद्धलेखनाच्या संदर्भात सांगत आलो. ते ब्रेकलाही लागू होते.

सोमवारी आम्ही गाडी गावातल्या एका लहान गॅरेजमध्ये नेली. तिथे कातडी खुर्च्या नव्हत्या. मालकच कारागीर होता, साठीला टेकलेला. त्याने गाडी उचलली, चाके काढली आणि आम्हाला शेजारी उभे राहून पाहू दिले. डाव्या चाकातल्या एका पॅडची पत्र्याची चाप खाचेत नीट बसलेली नव्हती. त्याने ती बोटाने दाखवली आणि बसवून दिली. धोका मोठा नव्हता, पण पॅड आत खडखडला असता आणि एका बाजूने झिजला असता. बाकी काम ठीक आहे, असे तो म्हणाला. तपासणीचे त्याने ४० डॉलर घेतले.

मुलाने नंतर हिशेब मांडला. दोन डिस्क आणि पॅड यांचे १७२ डॉलर, अवजारांचे ९६, ग्रीस आणि फवाऱ्याचे १८, तपासणीचे ४०, एकूण ३२६. सेवाकेंद्राच्या ११८० डॉलरशी याची तुलना करणे न्यायाचे नाही, कारण आम्ही दोनच चाके केली. निम्म्या रकमेशी, म्हणजे ५९० डॉलरशी तुलना केली, तर वाचले २६४. त्यासाठी दोन माणसांचा एक शनिवार आणि अर्धा सोमवार खर्ची पडला. अवजारे उरली आणि पुढच्या वेळी तेवढे कमी पडतील, हे खरे. तरीही या आकड्यांवरून मी कोणाला 'तुम्हीही घरीच करा' असे सांगणार नाही. ज्याच्याकडे सपाट जागा, योग्य अवजारे, धीर आणि तपासून घेण्याची तयारी नाही, त्याने पैसे मोजावेत हेच बरे. मात्र मोजताना भिंतीपलीकडे कोण आहे, हे त्याला ठाऊक असावे.

गॅरेजच्या त्या मालकाने आम्हाला हाताने लिहिलेली पावती दिली. ती देताना त्याने हात फडक्याला पुसले होते, तरी कोपऱ्यावर अंगठ्याचा काळा ठसा उमटलाच. त्याच्या ते लक्षात आले. तो ओशाळून म्हणाला, दुसरी करून देतो.

"नको," मी मराठीतच म्हणून गेलो. मग मुलाने त्याला समजेल असे सांगितले, की हीच ठीक आहे.